चाळीस जणांचं टेबल

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल स्वयंपाकघरात सुरू होतं आणि बाहेरच्या खोलीत संपतं. मध्ये एक दार आहे. टेबल आल्यापासून ते दार लागलेलं नाही. पाहुणे विचारतात, आधी भिंत होती की टेबल? आम्ही सांगतो, भिंतच आधी होती, पण टेबलाचा आग्रह जास्त होता.

हे टेबल चाळीस जणांसाठी आहे. आम्ही चार जण आहोत.

त्याचं झालं असं. बाबा सुतार आहेत आणि घराला लागूनच त्यांचा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी कारखान्यातल्या फोनवर एक माणूस म्हणाला, "चाळीस जण बसतील असं टेबल हवंय. उद्या येतो, मग सविस्तर बोलू." बाबांनी त्याचं नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. हे चाळीस जण एकाच वेळी कुठे जेवायला बसणार आहेत, हेही विचारलं नाही. त्यांनी "या" म्हणून फोन ठेवला आणि कारखाना रिकामा करायला घेतला. अर्धवट कपाटं रस्त्यावर गेली. कुणाचा तरी पलंग फूटपाथवर उभा राहिला आणि एक कुत्रा त्याच्याखाली राहायला आला. आईने कारखान्याची फरशी पुसून दिली. आमच्या घरची रीतच तशी आहे. येणारा म्हणेल तेवढी जागा करायची, आणि नुसती करायची नाही, पुसून ठेवायची. शंका घेणं म्हणजे पाहुण्याच्या चपलांचं माप घेण्यासारखं.

तो माणूस आला नाही. बाबांनी वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता टेबल करूनच टाकलं. तेवढ्या काळात गावात कुणाला साधं स्टूल मिळालं नाही. एक बाई मोडक्या पायाची खुर्ची घेऊन आल्या, तर बाबा म्हणाले, "आत्ता जागा नाही हो, मोठं काम आहे." बाई त्याच खुर्चीवर दारात बसून थोडा वेळ थांबल्या, मग एका बाजूला कलंडल्या आणि घरी गेल्या.

बाबा अजूनही म्हणतात, "येईल. कामात अडकला असेल."

हे सगळं आधी सांगायचं कारण इतकंच, की माझी ताई याच घरात वाढली.

ताई प्रोग्रॅम लिहिते. चांगली नोकरी सोडून ती तीन वर्षं या टेबलाच्या बाहेरच्या टोकाला बसून एक सर्व्हर लिहीत होती. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणारा प्रोग्रॅम. पाण्याच्या टाक्यांना आणि पंपांना छोटी छोटी यंत्रं बसवलेली असतात. ती थोड्या थोड्या वेळाने कळवत राहतात, "मी इतकी भरले," "मी बंद पडलो." ताईचा सर्व्हर हे सगळं ऐकून घेतो आणि पंपघरातल्या पडद्यावर दाखवतो. त्याचं नाव हौद. ताईने तो कुणालाही वापरायला मोकळा ठेवला होता, त्यामुळे वापरणारेही नाना तऱ्हेचे होते. एकजण त्यावर शोभेचे मासे सांभाळत होता. एका प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याचं तळं हौदच्या भरवशावर होतं. त्यांनी कौतुकाने पाठवलेला पाणघोड्याचा फोटो ताईने समोरच्या भिंतीवर लावला होता. आमच्याकडे थोरामोठ्यांचे फोटो नाहीत. पाणघोड्याचा आहे.

आता शहराच्या पाणीखात्याने काही पंपघरांत हौद लावून बघितला होता आणि मंगळवारी त्यांची समिती ताईला भेटणार होती. समिती 'हो' म्हणाली तर सगळ्या शहराच्या टाक्या हौदशी बोलणार. 'नाही' म्हणाली तर ताई पुन्हा नोकरी शोधणार. तसं तिने आईला कबूलच केलं होतं. नोकरीचं कधी, हे आईने एकदाही विचारलं नव्हतं, पण ते न विचारणं घरभर ऐकू येत होतं.

माझं काम हौदला छळणं. हे खरोखरचं पद आहे. आधी मी घरातल्या सगळ्यांनाच विनामूल्य छळायचो. ताईला त्यात गुण दिसले. मी टेबलाच्या स्वयंपाकघरातल्या टोकाला बसून हौदला कोरे निरोप पाठवायचो, उलटे पाठवायचो. टाकी तीनशे टक्के भरलीय, असं कळवायचो. टाकीत पाण्याऐवजी मावशी आहे, असंही कळवून पाहिलं. हौद सगळं सभ्यपणे नाकारायचा. मग ताई लांबून ओरडायची, "काय रे खोड्या, पडला का?" मी ओरडायचो, "नाही!" आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की मला पुन्हा छळायला हुरूप यायचा.

त्या दुपारी मी थाप मारली.

हौदकडे येणारा प्रत्येक निरोप सुरुवातीलाच आपली लांबी सांगतो. टाकीचा निरोप असतो पंचवीस-तीस अक्षरांचा. मी टाकी बनून म्हणालो, "नमस्कार, चारशे कोटी अक्षरांचा निरोप आणलाय." पुढे एक अक्षरही पाठवलं नाही. उठलो आणि चहा टाकला.

चहा घेऊन आलो, तर हौद गेलेला.

"ताई!"

"काय?"

"हौद पडला."

"हौद पडत नाही. तुझा लॅपटॉप पडला असेल."

"लॅपटॉप जागेवर आहे. मी सोडून सगळं जागेवर आहे."

ताई उठून आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत येणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे, कारण मध्ये दारापाशी पोट आत घ्यावं लागतं. मी तीच थाप पुन्हा मारली. हौद पुन्हा पडला. तिने स्वतःच्या मशीनवर करून पाहिलं, तिथेही पडला. पंपघरात ठेवलंय तसं एक मशीन कपाटावर होतं, त्याच्यावर केलं. पडला. आवाज काहीच नाही. मला वाटलं होतं, एवढी मोठी वस्तू पडताना निदान धप्प तरी होईल.

ताई बराच वेळ आपलाच कोड वाचत राहिली. मग म्हणाली, "मी विचारलंच नाही."

"कुणाला?"

"येणाऱ्याला. तो म्हणाला चारशे कोटी, आणि मी चारशे कोटींची जागा करून दिली. एवढं मोठं काय आणलंयस, असं एका शब्दाने विचारलं नाही."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. "आणि ही खालची ओळ?"

"ती जागा पुसून ठेवते," ताई हळू आवाजात म्हणाली. "जुनं काही राहू नये म्हणून. सगळी. मेमरीची चारशे कोटी घरं, एकेक करून."

आम्ही दोघांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल दारातून पलीकडे गेलेलं होतं.

म्हणजे भानगड अशी होती. मशीनची सगळी मेमरी एका न येणाऱ्या पाहुण्यासाठी अडकून पडायची. खऱ्या टाक्या दारात खोळंबायच्या. शेवटी मशीनचाच जीव घुसमटायचा आणि ते हौदला बंद करून टाकायचं. पंपघरातल्या माणसाला टाकी भरली की आटली, काही दिसेना. आणि हे करायला ना पासवर्ड लागत होता, ना अक्कल. ते मी नुकतंच सिद्ध केलं होतं.

मला भयंकर अभिमान वाटला. पण तो दाखवायला ही वेळ बरी नव्हती, म्हणून मी चहा प्यायलो.

दुरुस्ती चुटकीसरशी झाली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा निरोप आणलाय असं कुणी म्हणालं, की हौदने जागाच करायची नाही, तिथेच नमस्कार करून निरोप द्यायचा. खरा प्रश्न पुढे होता. नव्या व्हर्जनबरोबर लोकांना काय बदललं ते सांगावं लागतं. काय सांगायचं?

"किरकोळ सुधारणा," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"अगं, मंगळवार जाऊ दे. मग काय सांगायचं ते सांग. दुरुस्त तर केलंस ना? कुणाचं काय बिघडतंय?"

तिने खरंच टाइप केलं, 'किरकोळ सुधारणा.' मग बोट तसंच कीबोर्डवर ठेवून विचारलं, "तुझ्या फोनवर किरकोळ सुधारणा आली की तू लगेच अपडेट करतोस?"

"मी? मी हा फोन घेतल्यापासून अपडेट केलेला नाही."

"का?"

"किरकोळ असतं म्हणून."

"हं."

मी म्हणालो, "पण सगळे माझ्यासारखे नसतात."

"सगळे तुझ्यासारखेच असतात. फक्त तुझ्याइतकं तोंड वर करून सांगत नाहीत. तो पाणघोडावाला जुनाच हौद चालू ठेवणार. आणि उद्या तुझ्यासारखाच कुणीतरी रिकामटेकडा त्याला थाप मारणार. तळं ओसंडलं तर?"

"पाणघोड्याला चालेल."

"आणि आटलं तर?"

भिंतीवरून पाणघोडा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडंच आहे. तो नेहमीच काहीतरी विचारत असल्यासारखा दिसतो, पण इतके दिवस उत्तर माझ्याकडे मागत नव्हता.

"मंगळवारी ते 'नाही' म्हणतील," मी म्हणालो.

"म्हणू देत." ताईने 'किरकोळ सुधारणा' खोडलं. मान ताठ करून बसली आणि लिहायला लागली: काय चुकलंय, कुठल्या व्हर्जनपासून चुकलंय, कुणी काय केलं की हौद पडतो, आणि आजच्या आज नवं व्हर्जन का घ्यायचं. एकही शब्द गुळगुळीत नाही. आधी वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं, त्यांना बदलायला वेळ दिला, मग जगासमोर ठेवलं. खाली लिहिलं, 'चूक माझी. शोधली माझ्या धाकट्या भावाने.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझा उल्लेख एवढ्या आदराने याआधी फक्त दंतवैद्याच्या पावतीवर झाला होता.

अशा दोषांची जगभराची एक नोंद असते. तिथून हौदच्या दोषाला रीतसर क्रमांक मिळाला. आईला वाटलं, निकाल लागला.

"कितवा आला?"

"आई, तसला नंबर नाही तो. जगात जे दोष सापडतात ना, त्यातला हा—"

"जगात ना?"

"जगात."

"मग झालं तर." आईने लगेच मावशीला फोन लावला. "अगं, दोघांना मिळून नंबर आलाय. पाच आकडी! ... मोठा म्हणजे चांगलाच असणार ना! ... हो, हो, हिने भोक ठेवलं आणि ह्याने शोधलं. बाहेरच्या माणसाची गरजच लागली नाही."

बाबांनी मात्र ताईला समोर बसवून सगळं नीट समजून घेतलं. ताईने सांगितलं, चूक कुणावर विश्वास ठेवण्याची नव्हती, न विचारता सगळी जागा देऊन टाकण्याची होती. बाबा टेबलाच्या कडेवरून हात फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या माणसाला मी विचारायला हवं होतं."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आईने पातेल्यावरचं झाकण आवाज न करता ठेवलं.

बाबा उठून कारखान्यात गेले आणि फोनच्या वर प्लायवुडचा एक तुकडा ठोकला. त्यावर सुतारी पेन्सिलीने लिहिलं: आधी माणसं दाखवा, मग जागा.

मंगळवारी समितीत तीन जण होते. मधोमध मुख्य अभियंता मॅडम. त्यांच्या उजवीकडे ज्यांच्या पंपघरात हौद लावला होता ते पंपवाले काका. डावीकडे एक गृहस्थ होते, त्यांचं काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते बिस्किट चहात बुडवून खात होते आणि मन लावून खात होते.

ताई उभी राहिली. नमस्कार-चमत्कार झाल्यावर म्हणाली, "पहिल्यांदा वाईट बातमी सांगते. परवापर्यंत तुमच्या पंपघरात जो हौद चालू होता, तो कुणीही एका ओळीत पाडू शकत होतं. चूक माझी होती. माझा भाऊ दाखवेल."

काहीतरी मोडून दाखवण्यासाठी मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं, उलट तेवढ्यासाठीच मला बोलवायचे नाहीत. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोबत आणलेल्या मशीनवरच्या जुन्या हौदला मी थाप मारली. भिंतीवरच्या पडद्यावर टाक्या हलत होत्या, त्या थिजल्या, मग पडदा काळा झाला. डावीकडच्या गृहस्थांचं बिस्किट तुटून चहात पडलं.

मग मी नव्या हौदला तीच थाप मारली. त्याने मला दारातूनच परत पाठवलं. टाक्या आपल्या बोलतच राहिल्या.

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला हे कळलं असतं?"

"नाही."

"मग सांगितलंत का?"

"तुमच्याकडे जुनं व्हर्जन कुठे राहिलं असेल, तर ते आज बदलावं म्हणून."

"सकाळी दुसरी कंपनी येऊन गेली. त्यांच्या सर्व्हरमध्ये एकही दोष नाही म्हणाले."

पंपवाले काका खोकले. की हसले, ते नक्की सांगता येणार नाही.

"आम्ही कळवू," मॅडम म्हणाल्या. ताईने दिलेल्या कागदावर कारखान्याचा फोन नंबर होता, तो बरोबर आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

'आम्ही कळवू' हे वाक्य आमच्या ओळखीचं आहे. कपाटाचा भाव ऐकून गिऱ्हाईक हेच म्हणतं. जिना उतरताना मी ताईला म्हणालो, "बिस्किट पडलं तेव्हा मला बरं वाटलं."

"मलासुद्धा," ती म्हणाली. "खोड्या, पळून जावंसं वाटत होतं रे मला. पण चूक माझी, असं म्हणाले ना, तेव्हा एकदम उंच झाल्यासारखं वाटलं."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. उंची तेवढीच होती. पण मी काही बोललो नाही, हे माझ्या बाबतीत लक्षात घेण्यासारखं आहे.

कळवलं कुणीच नाही. आठवडा गेला. दरम्यान पाणघोडावाल्याचं उत्तर आलं: व्हर्जन बदललं, तळं ठीक, पाणघोडा ठीक, धन्यवाद. ताईने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिने एक नवीन पान उघडलं आणि वर आपलं शिक्षण लिहायला घेतलं. नोकरीचा अर्ज होता. मी माझ्या टोकावरून ओरडलो, "काय करतेयस?" ती ओरडली, "किरकोळ सुधारणा!"

तेवढ्यात कारखान्यातून बाबांचा आवाज आला. ते मोठ्याने मोजत होते.

"आठ... नऊ... दहा... अकरा. बरोबर आहे. आता बोला."

आम्ही धावलो. कारखान्यात, रंध्याच्या शेजारी, भुशात पाय बुडवून मुख्य अभियंता मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या मागे पंपवाले काका, आणि त्यांच्या मागे खात्याचे गणवेश घातलेली आणखी नऊ माणसं ओळीत उभी होती. बाबा पेन्सिल कानामागे खोचून त्यांची मोजणी करत होते.

"मॅडम?" ताई म्हणाली.

"दोनदा फोन केला आम्ही," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, सगळ्या पंपघरांत हौद बसवायचाय, आम्ही अकरा जण शिकायला कधी येऊ? हे म्हणाले, आधी माणसं दाखवा. दुसऱ्यांदा मी स्वतः बोलले, मी मुख्य अभियंता आहे म्हणून सांगितलं. हे म्हणाले, असं कुणीही म्हणेल." त्यांनी मागे वळून पाहिलं. "म्हणून घेऊन आले."

"बाबा!"

"काय बाबा?" बाबा म्हणाले. "तूच सांगितलंस ना, विचारल्याशिवाय जागा करायची नाही?"

"मर्यादा ठेवायची म्हटलं होतं हो! दार बंद करा नव्हतं म्हटलं! अकरा चालतात, बाबा. अकराला काय होतंय?"

"मग मर्यादा किती ते कुठे सांगितलंस मला?"

"हो," ताई म्हणाली. "ते राहिलं."

"पुन्हा तुझीच चूक," मी म्हणालो. "आणि पुन्हा मीच शोधली."

"शोधली मी," बाबा म्हणाले.

पंपवाले काका आता उघड उघड हसत होते. मॅडमनी बॅगेतून कराराचे कागद काढले. "यात एक अट मी घातलीय. वर्षभर देखभाल, आणि हा भाऊ. जे पाडायचं ते यानेच पाडायचं, आणि आधी आम्हाला सांगून. हा सोबत येतो ना?"

"येतो," ताई म्हणाली. "बंद करता येत नाही." तिचा आवाज नेहमीचाच होता, पण डोळे भरले होते. तिने ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हात माझ्या मानेवर होते आणि ती मला गदागदा हलवत होती.

"बरं, शिकवायला बसायचं कुठे?" मॅडम इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "एवढ्या लोकांना जागा आहे का तुमच्याकडे?"

हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. बाबांनी कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. आत आई आधीच स्वयंपाकघरातल्या टोकापासून टेबल पुसत निघाली होती.

अकराच्या अकरा जण बसले. काही स्वयंपाकघरात, काही बाहेरच्या खोलीत, आणि एकजण बरोबर दारात, ज्याला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. ताई आपल्या टोकाला उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हौद समजावून सांगू लागली. मी माझ्या टोकावरून थापा मारत होतो आणि हौद त्या एकेक करून परत पाठवत होता. दर वेळी ताई मागे पडद्याकडे न बघताच म्हणायची, "नाही पडला." तिला बघायची गरज नव्हती.

पंपवाले काकांनी टेबलाच्या खालून कड चाचपली, सांधा शोधला, तो त्यांना सापडला नाही. "कुणी केलंय हे?"

"मी," बाबा म्हणाले. "एका माणसाने सांगितलं होतं. चाळीस जणांचं."

"मग? आला का तो?"

बाबांनी टेबलावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अकरा आलेत," ते म्हणाले. "बाकीचे मागून येतायत."